कोणतं लिनक्स? आधी आपलं नेट बघा

मंडळी, समजा बाभुळगावातल्या एखाद्या शाळेत १० जुने, एकसारखे संगणक आहेत. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. त्यांवर मराठी लिहायचंय. मग लिनक्स कोणतं घालायचं?

लोहित देवनागरी हा फॉन्टच घ्या. डेबियन-उबुंटूवर तो 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या नावाने ॲप्ट आणतो. फेडोरावर 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स' या नावाने डीएनएफ आणतो. पॅकेजचा साचाही वेगळा, तिकडे डेब, इकडे आरपीएम. काम मात्र एकच: भांडारातून पॅकेज आणायचं, डिजिटल सही तपासायची, त्याला लागणारी इतर पॅकेजेसही बसवायची.

खरा फरक आहे तो वेगाचा. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण २ वर्षांनी येते. फेडोराची ६ महिन्यांनी, आणि तिचे अपडेट्स सुमारे १३ महिनेच मिळतात. आर्चला तर आवृत्त्याच नाहीत. पॅकमनने सगळी प्रणाली एकदम अपडेट करायची. अर्धवट केली की जुनं-नवं जुळत नाही, प्रोग्राम उघडेनासे होतात. रोज भरपूर नेट असेल तर हे ठीक आहे हो, हॉटस्पॉटवर नाही.

म्हणून या शाळेला मी डेबियन सांगेन. एका संगणकावर 'ॲप्ट-गेट'ने पॅकेजेस घ्या. डेब फाइली त्याच्या कॅश फोल्डरात राहतात. नुसतं 'ॲप्ट' वापरलं तर बसवून झाल्यावर त्या पुसल्या जातात, एवढं लक्षात ठेवा. पेनड्राइव्हने त्या बाकीच्या ९ संगणकांच्या कॅशमध्ये टाका. तिथे पॅकेजांची यादी ताजी केली, की मोठा डाउनलोड पुन्हा करावा लागत नाही.