मोडक्या जीपचा पिकअप : आधी कागद, मग चेसिस, मग वेल्डिंग

गॅरेजवाल्यांकडे एक काम वरचेवर येते. कुणीतरी पलटी झालेली जीप किंवा बोलेरो भंगाराच्या भावात घेतो, टोचन करून गॅरेजच्या दारात आणतो आणि म्हणतो, "उस्ताद, मागचा भाग कापा, हौदा बसवा, पिकअप करून द्या." हे गिऱ्हाईक बहुधा आमच्यासारखाच व्यापारी असतो. आठवडी बाजाराला तागे न्यायचे असतात, टेम्पोचे भाडे दर खेपेला वाढते, नव्या पिकअपचे हप्ते झेपत नाहीत. मोडकी गाडी स्वस्तात मिळाली की त्याला वाटते, अर्धे काम झालेच.

माझा धंदा कापडाचा. गाडीशी संबंध माल चढविण्या-उतरविण्यापुरता. पण माल वाहणाऱ्या गाड्या आणि त्या बांधणारे कारागीर अनेक वर्षे जवळून पाहिले आहेत. या कामात हात सफाईदार असलेले उस्ताद आपल्या वस्त्यांत खूप आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना कायद्याची बाजू कुणी नीट सांगितलेली नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. २००० साली ते दुरुस्त झाले. आज त्याचा अर्थ असा की, कारखानदाराने गाडीचा जो मूळ तपशील ठरविला आणि जो आर.सी. बुकात लिहिला गेला, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच स्पष्ट केले. माणसे वाहण्यासाठी नोंदलेल्या खासगी जीपचा मालवाहू पिकअप करणे म्हणजे गाडीचा वर्ग आणि बॉडीचा प्रकार दोन्ही बदलणे. अशी गाडी पासिंगला उभी राहू शकत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्याप्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कारागिरांनी लक्षात घ्यायची गोष्ट पुढेच आहे. याच कायद्यात 'डीलर' या शब्दाच्या व्याख्येत चेसिसवर बॉडी बांधणारा आणि गाड्या दुरुस्त करणारा हे दोघेही येतात. गाडीच्या बांधणीविषयीचे नियम मोडणारा बदल करून गाडी हवाली केली, तर डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "मी फक्त मजुरी घेतली" हे म्हणणे तेथे पुरत नाही.

मग हे काम बंदच करायचे का? तसे नाही. ते कोठे चालते एवढे ओळखायला हवे.

पहिली जागा म्हणजे मुळातच पिकअप म्हणून नोंदलेली गाडी अपघातात मोडली असेल तर तिची पुनर्बांधणी. आर.सी.वर मालवाहू असेल, तर त्याच जातीची केबिन, तोच हौदा, तेच सुटे भाग घालून ती पुन्हा उभी करणे ही दुरुस्तीच होय. इंजिन बदलायचे असेल तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे हवे आणि आर.टी.ओ.ची परवानगी आधी घ्यावी लागते. दुसरी जागा म्हणजे कंपनीकडून फक्त केबिन आणि चेसिस अशी निघालेली गाडी. तिच्यावर मंजूर नमुन्याप्रमाणे बॉडी बांधतात. ट्रकच्या बॉडीसाठी ए.आय.एस. ०९३ हे मानक आहे, आणि नमुन्याची तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची ए.आर.ए.आय. आहे. तिसरी जागा म्हणजे बंदिस्त आवार. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त जागेतच वापरण्यासाठी खास बनविलेली गाडी कायद्याच्या 'मोटार वाहन' व्याख्येत येत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे मोठ्या आवाराच्या साइझिंगमध्ये आणि प्रोसेस हाऊसमध्ये बीम, सुताच्या गोण्या, कापडाच्या गाठी दिवसभर इकडून तिकडे जातात. तेथे जुन्या जीपची अशी मालगाडी कामाची ठरते. मात्र तिचे जुने रजिस्ट्रेशन आर.टी.ओ.त रीतसर रद्द करून घ्यायचे आणि फाटकाबाहेर चाक काढायचे नाही. समोरच्या पंपावर डिझेल भरायला गेली तरी ती विनानोंदणीची गाडी ठरते.

आता गाडीकडे येऊ. पिकअपसाठी लोक जीपच का निवडतात? कारण तिची बॉडी आणि चेसिस वेगळी असते. खाली दोन लांब लोखंडी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे, म्हणजे शिडीसारखा सांगाडा. उर्दूत आम्ही ज्याला ढांचा म्हणतो तो हाच. इंजिन, गिअर, कमानपाटे, चाके सगळे या शिडीला धरून असते आणि बॉडी वर बोल्टांनी बसविलेली असते. जुनी महिंद्रा जीप, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ या अशाच. एक्सयूव्ही ५०० किंवा डस्टरसारख्या गाड्यांत बॉडी हाच सांगाडा असतो. त्यांचा मागचा भाग कापला की गाडीचा कणाच कापला जातो.

जीपची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. आपल्या देशात १९४७ पासून विलिज जीप जोडणारी कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. त्यातील मलिक गुलाम मुहंमद फाळणीनंतर पाकिस्तानात अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

मोडकी गाडी घेताना ती कशी मोडली ते आधी विचारावे. पलटी झालेली गाडी दिसायला सर्वांत वाईट, पण कामाला पुष्कळदा सर्वांत बरी असते. टप आणि दरवाजे चेपलेले असतात, खालची चेसिस सरळ असू शकते. समोरून ठोकलेल्या गाडीत चेसिसची पुढची टोके आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा वाकते. पुरात बुडालेली गाडी वरून चकचकीत दिसते. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला अशा गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्या चेसिसच्या बंद पोकळीत चिखल बसतो आणि आतून गंज चढत राहतो. गिअरचे तेल काढून पाहावे. दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे. जळालेली गाडी घेऊच नये. आगीने कमानपाट्यांचे पाणी उतरते आणि चेसिसचे लोखंड नरम पडते.

चेसिस तपासायला मोठे यंत्र लागत नाही. सपाट, पाणसळीत असलेली फरशी आणि गवंड्याचा ओळंबा पुरे. गाडी स्टँडवर समतल उभी करावी. चेसिसच्या दोन्ही बाजूंना जोडीने असलेली ठिकाणे, म्हणजे कमानपाट्यांचे हँगर किंवा आडव्यांचे बोल्ट, निवडावीत आणि प्रत्येकापासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करावी. गाडी बाजूला केली की फरशीवर चेसिसचा नकाशा मिळतो. आता पुढची डावी खूण ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी अशी कर्णांची मापे घ्यावीत. ती सारखी नसतील तर चेसिस पतंगासारखी तिरकी झाली आहे. दोन्ही बाजूंचे पुढच्या ते मागच्या चाकाचे अंतरही मोजावे. नंतर हातोडीने चेसिस ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. हँगरच्या आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास तारेच्या ब्रशने रंग काढून तडे पाहावेत. तडे तेथेच निघतात.

वाकलेली चेसिस गॅसने लाल करून सरळ करणारे आहेत. काम झटपट होते, पण तापविलेली जागा कमजोर होते आणि पुढे भाराखाली तेथेच बसते. दाबयंत्राने थंड सरळ करणे योग्य. तडा बुजविताना वर पट्टी लावायची तर पट्टीची टोके तिरपी कापावीत. चेसिसला काटकोनात आडवी वेल्डिंग रेघ आली की नवा तडा त्याच रेघेवर जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, नाहीतर अल्टरनेटर आणि नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक पेटी जळू शकते. इंधनाची टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ कोंडलेली असते.

आवारातील गाडीसाठी बॉडी कापायची असेल तर गॅस कटर पेटविण्याआधी दरवाजे बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून लिहाव्यात आणि दोन्ही खांबांच्या मध्ये तात्पुरता अँगल वेल्ड करावा. हे केले नाही तर मागचा भाग सुटताच खांब आत झुकतात आणि दरवाजा पुन्हा कधी नीट लागत नाही. मग केबिनची मागची भिंत बंद करायची. ती नुसत्या पत्र्याची नको, आत चौकोनी नळीची चौकट हवी, कारण ब्रेक मारल्यावर माल त्या भिंतीवरच येतो.

हौदा चेसिसवर थेट वेल्ड करू नये. मध्ये लाकडी पट्टी किंवा रबर घालून यू-बोल्टने आवळावा, म्हणजे चेसिसला पीळ घेता येतो. चेसिसच्या वरच्या-खालच्या पाखांत भोके पाडू नयेत, ताण तेथेच असतो. हौद्याची लांबी हा भांडणाचा विषय. गिऱ्हाईकाला मोठा हवा असतो. नियम ९३ प्रमाणे मालवाहू गाडीचा मागच्या आसाच्या पुढे लोंबणारा भाग दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ९० इंच अंतर असेल तर ५४ इंच. पण नियम नसता तरी हिशेब पाहा. ९० इंची गाडीत मागच्या आसाच्या ३० इंच मागे ३०० किलो माल ठेवला, तर मागच्या आसावर ३०० नव्हे, ४०० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून १०० किलो उठतात. स्टिअरिंग हलके लागते, ड्रायव्हर खूश होतो, आणि ओल्या जागेत गाडी वळायचे नाकारते. म्हणून जड गाठी नेहमी केबिनला लागून.

"दोन पाटे वाढवून द्या" ही फर्माईश तर ठरलेली. पाटे वाढले की गाडी मागे बसत नाही एवढेच. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. आर.सी.वर जेवढे वजन लिहिले तेवढाच माल, मग पाटे किती का असेनात. ब्रेकच्या नळ्या, लायनर आणि सिलिंडर नवेच घालावेत, येथे जुन्या बाजारातला माल नको.

आता चोरीच्या मालाचा प्रश्न. विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की साधारणपणे गाडी 'टोटल लॉस' धरते आणि सांगाडा विकला जातो. काही टोळ्यांना त्यातील लोखंड नको असते, आर.सी. हवी असते. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि तिच्यावर मोडक्या गाडीचा नंबर ठोकायचा. मेरठच्या सोतीगंज बाजारात काय झाले ते या धंद्यातील सर्वांनी पाहिले आहे. चोरीच्या गाड्या फोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाया केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये बाजारच बंद झाला. बिलाने माल घेणाऱ्यांची शटरेही त्यांच्याबरोबर खाली आली.

म्हणून गाडी दारात आली की हत्यार उचलण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा, फोटो काढावा, आर.सी.शी ताडून पाहावे आणि एम-परिवहन ॲपवर नोंद तपासावी. नंबराभोवतीचे लोखंड घासलेले किंवा वेल्ड केलेले दिसले तर काम घेऊ नये. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र मागावे. सरकारी खात्यांच्या जुन्या जीप लिलावातून घेण्याचा मार्गही आता अरुंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच जातात.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. पन्नास वर्षांहून जुनी विलिज हाती लागली तर तिला कटर लावू नये. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे चालते. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. धंद्यासाठी ती चालविता येत नाही, पण शौकीन गिऱ्हाईक मूळ रूपातील जीपला जी किंमत देतो ती तिच्या पिकअपला कधीच येणार नाही.

खर्चाचा अंदाज देताना खरेदी, टोचन, सुटे भाग, मजुरी, रंग आणि कागदपत्रे वेगवेगळी लिहावीत. त्याशिवाय, उघडल्यावर जे निघेल त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढायला सांगावी. माझ्या मते ती एकूण अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी नको. एवढे करून बेरीज चालू स्थितीतील जुन्या पिकअपच्या किमतीजवळ गेली तर गिऱ्हाईकाला तसे तोंडावर सांगावे. आवारातील गाडीच्या बिलावर "सार्वजनिक रस्त्यासाठी नाही" असे स्पष्ट लिहून मालकाची सही घ्यावी आणि एक प्रत नंबराच्या ठशासह आपल्या फाइलीत लावावी.