घुबडाला लुगड्याची पिसं

शिमग्याला आपल्याकडे सोंगं निघतात. बहुरूपी पोलीस होऊन दारात उभा राहतो. भोंडल्याला खिरापत ओळखायची धमाल असते. हे सगळं एकाच संध्याकाळी एकत्र केलं, तर जे होईल ते साधारण अमेरिकेतलं हॅलोवीन! दरवर्षी 31 ऑक्टोबरला दिवेलागणीच्या सुमारास इथली मुलं भूत, चेटकीण, राजकन्या, वाघ असं काहीबाही होऊन घराघरांच्या बेल वाजवतात. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणजे ‘खाऊ देता, की खोडी काढू?’ असं विचारतात आणि पिशवीत चॉकलेटं गोळा करतात. दारोदारी कोरलेले भोपळे आणि त्यात दिवे.

मी मूळची तासगावची. 2010 पासून शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. लग्नाआधी शिवणकामाचा कोर्स केलेला, अठराव्या वर्षापासून गल्लीतल्या बायकांची ब्लाऊजं शिवून चार पैसे कमावलेले. त्यामुळे इथे आल्यावर माझी आणि हॅलोवीनची गाठ पडली ती कापडामुळेच.

हा सण मूळचा अमेरिकेचा नाही बरं का. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोक हिवाळ्याच्या तोंडावर तो पाळायचे. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, असा समज. आपला पितृपक्ष आठवला ना? एकोणिसाव्या शतकात तिकडून आलेल्या लोकांनी तो इथे आणला. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, इथे मोठाले भोपळे मिळाले. सोंगांचे कपडे मात्र बराच काळ घरचेच असत. 1909 मध्ये डेनिसन नावाच्या कागद कंपनीने ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. क्रेप कागदाचे, म्हणजे आपण गॅदरिंगच्या पताकांना वापरतो त्या चुणीदार कागदाचे पोशाख घरी कसे करायचे, ते त्यात असे. पुढे न्यूयॉर्कमधल्या बेन कूपरसारख्या कंपन्या आल्या आणि खोक्यातलं तयार सोंग मिळू लागलं. पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, मागे रबर आणि अंगात एक झगा. झालं काम!

आता तर दुकानंच्या दुकानं भरलेली असतात. 2023 साली अमेरिकन लोक हॅलोवीनवर 12 अब्ज डॉलर खर्च करतील, असा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज होता. मग घरी शिवायचं कशाला, असं कुणीही विचारेल. मलाही नवऱ्याने विचारलं होतं.

2010 च्या ऑक्टोबरात मुलगा तीन वर्षांचा होता. दुकानातला साधा ड्रेस पंचवीस-तीस डॉलरचा. एका संध्याकाळसाठी! मनातल्या मनात रुपयांत हिशोब करण्याचे ते दिवस. मी नवऱ्याचा जुना चौकड्यांचा शर्ट काढला, बाह्या आखूड केल्या, कोपरावर आणि गुडघ्यावर मोठाल्या टाक्यांनी ठिगळं लावली, बाहीच्या तोंडाशी सुतळीचे झुबके शिवले. डोक्यावर गवती टोपी. झालं बुजगावणं! आमच्याकडे शाळूच्या रानात उभं असतं ना, अगदी तस्सं. हॅलोवीनला बुजगावणं हे इथलंही जुनं आणि आवडतं सोंग. खर्च आला चार डॉलर, तोही टोपीचा.

शेजारच्या अमेरिकन आजींनी ते पाहिलं आणि पुढच्या वर्षी नातवासाठी शिवशील का, म्हणून विचारलं. मी आनंदाने शिवलं. त्यांनी पाकिटात घालून चाळीस डॉलर दिले. ते मला परत करावे लागले.

कारण मी तेव्हा एच-4 व्हिसावर होते. नोकरीसाठी आलेल्या माणसाच्या बायको-मुलांना मिळतो तो व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण कमावता येत नाही. कागदोपत्री आम्ही ‘डिपेंडंट’, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून. अठराव्या वर्षी पहिली शिलाई हातात पडली तेव्हा मी आईला साडी घेतली होती. आणि इथे तिशी ओलांडल्यावर, स्वतःच्या हाताने शिवलेल्या कपड्याचं पाकीट मी शेजारणीच्या दारात परत देत होते. आजींना काही कळेना. त्यांना वाटलं, पैसे कमी पडले. इंग्रजी तेव्हा बेताचं. ‘नॉट अलाऊड’ एवढंच सांगता आलं. घरी येऊन मशीनवर कापड टाकून ठेवलं, ते चार दिवस काढलं नाही.

माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या. कुणी डॉक्टर, कुणी प्राध्यापक, कुणी बँकेतली. 26 मे 2015 पासून नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेलंय, अशा बायकांना कामाचा परवाना मागता येऊ लागला. मला तो 2016 मध्ये मिळाला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी कुणाला बोलावलं असेल? आजींनाच. नातू आता मोठा झाला होता, त्याला समुद्री चाचा व्हायचं होतं. शिवून दिलं आणि पैसे घेतले. मोजूनही घेतले!

तेव्हापासून सप्टेंबर उजाडला, की माझ्याकडे मापं सुरू होतात. एक गंमत सांगते. देश बदलला, भाषा बदलली, पण इंच तोच राहिला. आपल्या शिवण क्लासात छाती, कंबर, मुंढा इंचातच घेतात, इथेही तेच. ब्राऊन पेपरवरचं कटिंग हाताखालून गेलेलं, त्यामुळे इथल्या दुकानात पाकिटातून मिळणारे पातळ कागदाचे तयार पॅटर्न पहिल्याच नजरेत कळले. सेलमध्ये दीड-दोन डॉलरला मिळायचे.

पण काही गोष्टी इथल्या थंडीने शिकवल्या. शिकागोत ऑक्टोबरअखेर हुडहुडी भरते. राजकन्येच्या पातळ झग्यावर आयांना शेवटी जाडजूड कोट चढवावा लागतो आणि मग राजकन्या कुठली न् काय! म्हणून मी माप नेहमी स्वेटरवरून घेते. 2019 साली तर 31 ऑक्टोबरलाच दिवसभर बर्फ पडलं. त्या वर्षी धाकटी लेक दोन वर्षांची होती. तिला पांढऱ्या लोकरीसारख्या जाड फ्लीसची मेंढी केली होती. फ्लीसचं बरं असतं, कापल्यावर दोरे निघत नाहीत, कडा दुमडायची कटकट नाही. बारा वर्षांचा मुलगा झाला धनगर, खांद्यावर गावाकडून आणलेली घोंगडी! गल्लीतली बाकी मुलं कुडकुडत होती आणि आमचं मेंढरू आणि धनगर ऊबदार.

सगळ्यात जास्त रंगलं ते मात्र 2024 चं घुबड.

लेक सात वर्षांची. मी विचारलं, “काय व्हायचंय?” ती म्हणाली, “घुबड.” नेमक्या सासूबाई तेव्हा गावाहून आलेल्या. त्यांनी हातातली निवडायची मेथी खाली ठेवली. “अगं, पोरीला घुबड करतेस? छपरावर बसलं तर आपण हाकलतो!” मी समजावलं, की इथे घुबडाला शहाणं समजतात, पुस्तकातलं घुबड चष्मा लावतं. काही उपयोग झाला नाही. दोन दिवस घरात अबोला. लेक रडवेली. मधल्या मध्ये मी. मला सासूबाईंचं मन मोडायचं नव्हतं आणि लेकीचंही.

तिसऱ्या दिवशी कालनिर्णय बघताना सासूबाईंच्या लक्षात आलं, की यंदा 31 ऑक्टोबर दिवाळीतच येतोय. इथल्या वेळेप्रमाणे तर लक्ष्मीपूजन नेमकं त्याच संध्याकाळी. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग लेकीला जवळ घेऊन म्हणाल्या, “लक्ष्मीचं वाहन कोण, ठाऊक आहे का तुला?” आणि उठून आपली बॅग उघडली. गोधडीसाठी म्हणून त्यांनी जुनी सुती लुगडी आणली होती. धुऊन धुऊन मऊ झालेली. एक मातकट, एक करडं, एक विटलेलं जांभळं. घुबडाला याहून चांगली पिसं कुठल्या दुकानात मिळणार होती?

पद्धत सोपी आहे. गोधडीच्या अस्तराचं जाड कापड घेऊन त्याची अर्धगोल शाल कापली, हात पसरले की पंख दिसतील अशी. लुगड्यांतून जिभेच्या आकाराची पिसं कापली, दुहेरी करून उलटी शिवली आणि सुलटवली, म्हणजे दोरे सुटत नाहीत. पिसं लावताना खालची ओळ आधी लावायची आणि वर चढत जायचं. वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. कौलं शाकारतात तसं! टीप मी मशीनवर मारायची, कच्चा दोरा सासूबाई घालायच्या. पंधरा दिवस रात्री जेवणं झाली, की आम्ही दोघी बसायचो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांच्या आईचं लुगडं कुठलं, बाळंतपणात पांघरलेलं कुठलं, हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं. त्यांच्या तोंडून त्यांच्या माहेरचं इतकं मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पूजा झाली. घुबडाने लक्ष्मीपुढे हात जोडले, प्रसादाची करंजी खाल्ली आणि पंख पसरून चॉकलेटं मागायला गेलं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक भुताला चॉकलेट देत होत्या.

आता थोडं गंभीर. सोंग शिवताना मी रूपापेक्षा आधी आगीचा आणि अंधाराचा विचार करते. 1940 च्या दशकात इथे मुलांचे ‘काउबॉय’चे लवदार रेयॉनचे पोशाख भरकन पेटून मुलं दगावली होती. त्यानंतर 1953 मध्ये ज्वालाग्राही कापडाविरुद्ध कायदा झाला. आणि अंधाराचं म्हणाल, तर 1975 ते 2016 या 42 वर्षांतल्या अमेरिकेतल्या रस्ते अपघातांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या दिवसांपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त आढळला. सर्वाधिक वाढलेला धोका 4 ते 8 वर्षांच्या मुलांना. म्हणून आमच्या घुबडाच्या पाठीवर, पिसांच्या मधोमध, चमकणाऱ्या पट्टीची एक ओळ होती.

मैत्रिणींनो, हॅलोवीन तुमच्या गावात नसेलही. पण गॅदरिंग आहे, फॅन्सी ड्रेस आहे, गोकुळाष्टमीचा कृष्ण आहे. ड्रेपरीवाल्याचा भाड्याचा ड्रेस अंगाला होत नाही, वासही मारतो आणि ऐनवेळी त्याची चेन तुटते. त्यापेक्षा घरी शिवून बघा. एवढं मात्र लक्षात ठेवा :

* लांबी घोट्याच्या वरच ठेवा. पायात आलेला झगा म्हणजे पडणं ठरलेलं.
* मुखवट्याऐवजी टोपी शिवा आणि चेहरा रंगवा. मुलाला समोरचं नीट दिसलं पाहिजे.
* लोंबत्या बाह्या, फुगीर नेट, जॉर्जेटची ओढणी पणती आणि फटाक्यांजवळ नको. कंदील हातात द्यायचाच असेल, तर सेलवरचा द्या.
* मागे चेनऐवजी वेल्क्रो लावा. घाईच्या वेळी मुलाला बाथरूमला जायचं असतं, हे विसरू नका!
* आदल्या आठवड्यात एकदा घालून घरभर पळायला सांगा. कुठे टोचतंय, ते मूल स्वतःच सांगेल.

इथली जोॲन नावाची कापडांच्या दुकानांची मोठी साखळी 2025 च्या मे अखेर बंद पडली. 1943 पासून चाललेली, शेवटी सुमारे आठशे दुकानं होती. माझे पॅटर्न, फ्लीस, वेल्क्रो, सगळं तिथलंच. शेवटच्या सेलला गेले, तर फळ्या रिकाम्या आणि बायका एकमेकींना विचारत होत्या, ‘आता कुठे जायचं?’ वाईट वाटलंच.

घुबडाची पिसं आता गोधडीत गेली आहेत. सासूबाईंनी जाण्याआधी ती अर्धी शिवून ठेवली, उरलेली मी पुरी केली. लेक रोज तीच पांघरते. तिला मातकट पिसू कुठलं आणि करडं कुठलं ते ठाऊक आहे. पणजीचं कुठलं, तेही.