काडी न लावता लागणारी आग

मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार लागतो. घोड्यांबरोबर चाऱ्याच्या गाड्या येतात, मोकळ्या जागेत कुट्टीचे आणि कडब्याचे ढीग उभे राहतात. त्याच दिवसांत खान्देशातला कापूसही घरात आलेला असतो. भाव वाढेल या आशेने कित्येक कुटुंबे तो पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरून ठेवतात आणि मुलेबाळे त्याच्याच शेजारी झोपतात.

अशा ठिकाणी आग लागली की पहिला प्रश्न येतो, ‘काडी कोणी टाकली?’ पुष्कळदा उत्तर बिडीत, चुलीत किंवा जुन्या वायरीत सापडतेही. परंतु काही आगींना काडी लावणारा कोणीच नसतो. ढीग स्वतःच आतून तापत जातो आणि एके दिवशी पेटतो. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवून ठेवण्याची ताकीद आपल्याला हदीसमध्ये आहे आणि आपल्या अम्मी-दादी ती पाळत आल्या. पण चूल विझवली, दिवा मालवला, तरी ढिगाच्या पोटातली ऊब आपल्या नजरेआड वाढत राहते. आज आम्ही तिच्याविषयीच लिहीत आहोत.

ढीग आतून का तापतो?

थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ओला चारा किंवा ओला कापूस दाबून रचला की आतही तेच होते. ओलाव्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि ऊब तयार होते. पातळ पसरलेल्या मालातली ऊब हवेत निघून जाते, दाबलेल्या ढिगाच्या मध्यातून ती निघू शकत नाही. साठ-सत्तर अंशांपर्यंत तापल्यावर सूक्ष्म जीव मरतात, पण तोवर मालाचा हवेतील प्राणवायूशी संयोग जोर धरतो आणि उष्णता वाढतच जाते. ओलसर बांधलेल्या चाऱ्याला धोका मुख्यतः पहिल्या सहा आठवड्यांत असतो.

तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. फर्निचरच्या पॉलिशमध्ये आणि रंगात वापरले जाणारे अळशीचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते प्राणवायू घेऊन वाळते आणि तसे करताना उष्णता सोडते. पॉलिशचे फडके दोरीवर पसरले तर काही होत नाही. तेच फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर काही तासांत धुमसू शकते. सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या तेलातही हा गुण काही प्रमाणात आहे. म्हणून दावतीनंतर तेलकट फडक्यांचा गोळा करून पोत्यात कोंबणे बरे नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत ‘आपोआप पेटणारे पदार्थ’ असा एक वर्ग आहे. त्यात पांढरा फॉस्फरस आहे, जो तीस अंशांच्या आसपास हवेतच पेटतो आणि म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो. त्याच वर्गात ओला कापूस, तेलकट कापूस, तेलबियांची ढेप आणि कोळसाही आहे. म्हणजे हा फक्त कारखान्यांचा विषय नाही. आपल्यातले पिंजारी-मन्सूरी भाई, पॉलिशवाले, भंगारवाले, ढेपेचे व्यापारी आणि भटारी या सर्वांच्या रोजच्या कामात हा माल आहे.

मुंबईच्या गोदीचा धडा

कापसाच्या पोटातली आग कशी वागते, याचा सर्वांत भयंकर दाखला आपल्याच राज्यात घडला. १९४४ च्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. १४ एप्रिलला दुपारी कापसाच्या बाजूने धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी आत सोडले गेले, पण गाठींच्या आत दडलेली आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. गोदीला लागून असलेल्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

ती आग आपोआप लागली, असे मानले गेले नाही. निष्काळजी धूम्रपानाकडेच बोट दाखवले गेले. पण कापसाबद्दलचा धडा तोच राहतो. गाठीत शिरलेली आग वरून ओतलेल्या पाण्याने विझत नाही, आणि धूर दिसतो तेव्हा बराच वेळ हातातून गेलेला असतो.

आधीची काळजी

कापूस वाळवूनच घरात भरावा. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो आणि बारा टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो. आपणही घरासाठी हीच सीमा मानावी. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणे हा मापातला खोटेपणा तर आहेच, शिवाय आपल्या किंवा दुसऱ्याच्या झोपलेल्या लेकरांशेजारी धोका रचणे आहे. अवकाळीत भिजलेला कापूस आणि चारा वेगळा, पातळ पसरून ठेवावा. शक्य असेल तर झोपण्याची खोली आणि कापसाची खोली एक असू नये. बकरी ईदसाठी आणलेला ओला घास गच्चीवर दाबून रचू नये. पॉलिशचे फडके पसरून वाळवावे किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे. कोळशाची पोती भरण्यापूर्वी कोळसा पूर्ण थंड झाला आहे याची खात्री करावी.

मोठ्या ढिगाची तपासणी सोपी आहे. ढिगावर न चढता बाजूने लांब लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसावी आणि पंधरा मिनिटांनी काढावी. तिचे टोक हाताला कोमट लागले तर रोज लक्ष ठेवावे. हातात धरवत नसेल तर धूर दिसायची वाट न पाहता बंबाला कळवावे. करपलेल्या गुळासारखा किंवा तंबाखूसारखा वास, पहाटे ढिगावर दिसणारी वाफ आणि वर पडलेला खळगा याही धोक्याच्या खुणा आहेत.

धूर निघाला तर

गावात बंब बाहेरून, शहादा किंवा दोंडाईचाकडून यायचा. म्हणजे पहिला अर्धा तास आपल्याच हातात असतो. त्या अर्ध्या तासात एवढे करावे:

१) आधी माणसे बाहेर काढावी, मग सोडवता येतील तेवढी जनावरे. धुमसत्या मालातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेला माणूस त्यात उठत नाही.

२) १०१ किंवा ११२ वर फोन करून काय पेटले आहे ते सांगावे. ‘घराला आग’ एवढेच न सांगता ‘घरात कापूस आहे’ असे सांगावे. जखमींसाठी १०८.

३) ढीग उपसू नये. आत हवा शिरताच धुमसणारा माल भडकतो. बंब येऊन पाण्याची नळी हातात असेल तेव्हाच तो उकलावा.

४) ढिगावर कोणीही चढू नये. आतून जळून पोकळी झालेली असते आणि माणूस सरळ आगीत कोसळतो.

५) आग विझल्यावर माल उघड्यावर पसरून, भिजवून, काही दिवस त्यावर पाळत ठेवावी. वाचलेला कापूस त्याच रात्री घरात आणू नये. विझली असे वाटणारी गाठ दोन-चार दिवसांनीही पेटते.

रस्त्यावरच्या गाड्या

दोंडाईचा-शहादा रस्ता आपल्या गावाजवळच तापी ओलांडतो. धोकादायक मालाच्या टँकरवर चौकोनी चिन्ह उभ्या कोनात लावलेले असते. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल, त्यावर ज्वाला आणि ४ हा अंक असेल तर आत आपोआप पेटणारा माल आहे, असे समजावे. असा टँकर उलटला तर सांडलेले काही भरायला किंवा मोबाइलवर चित्र घ्यायला जवळ जाऊ नये. वारा आपल्या पाठीकडून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला दूर उभे राहावे. टँकर पेटला असेल तर आठशे मीटरपर्यंत कोणी थांबू नये. स्वतः पाणी मारू नये, कारण या वर्गातले काही पदार्थ पाण्याने अधिकच उसळतात. चिन्हाजवळच्या पाटीवरचे आकडे लांबूनच वाचता आले तर फोनवर सांगावे. बंबवाल्यांना त्यावरूनच कळते की पाणी मारायचे, वाळू टाकायची की फेस सोडायचा. फॉस्फरस अंगावर उडालाच तर तो भाग पाण्यात बुडवून किंवा ओल्या कापडाने झाकून दवाखाना गाठावा. तेल किंवा मलम लावू नये.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात आगीला लागणाऱ्या तीन गोष्टी शिकवतो: जळणारी वस्तू, हवा आणि उष्णता. मुलांनी घरी जाऊन चौथी गोष्ट विचारावी, ‘अब्बू, आपला कापूस वाळला आहे ना?’ जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीत, महिलांच्या इज्तिमात, मदरशात दहा मिनिटे हा विषय निघाला तरी पुरे. फोनचे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत आणि सळई कापसाच्या खोलीबाहेर टेकवून ठेवावी.