रॉक संगीतातील पूर्वरचनांचा वापर

यूरोपीय अभिजात संगीत, ब्लूज व जुनी लोकप्रिय गीते यांतील सुरावटी, शब्द वा रचनाबंध घेऊन नवे रॉक संगीत निर्माण करण्याची पद्धती. रॉकचा एक प्रमुख उगम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात आहे. ब्लूज मौखिक परंपरेने वाढले; त्यात एका गायकाची ओळ दुसऱ्याने घेणे गैर मानले जात नसे. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात मात्र रचनाकाराची नोंद होते व त्याला स्वामित्वधन मिळते. साहजिकच ही जुनी रीत वादाचा विषय ठरली.

अभिजात संगीताचा वापर सामान्यतः तीन प्रकारे आढळतो. इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश वाद्यवृंदाने मूसॉर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' (१८७४) या पियानोरचनेचे रॉक रूपांतर १९७१ मध्ये सादर केले. एरिक कार्मेनने 'ऑल बाय मायसेल्फ' (१९७५) या गीतासाठी राखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कन्चर्टोतील सुरावट घेतली. प्रोकोल हॅरम वाद्यवृंदाच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' (१९६७) मध्ये बाखची केवळ शैली अनुसरलेली आहे. बाखच्या (१६८५–१७५०) रचना सर्वांना खुल्या आहेत. राखमानिनॉव्हच्या (१८७३–१९४३) रचनेवरील हक्क मात्र अमेरिकेबाहेर तेव्हा अबाधित असल्याने कार्मेनला उत्पन्नाचा वाटा द्यावा लागला. बाखच्या धर्तीवरील त्या ऑर्गनवादनाबद्दल वादक मॅथ्यू फिशर यांना ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००९ मध्ये सहरचनाकाराचा हक्क मान्य केला. अनुकरणातही स्वतंत्र निर्मिती असू शकते, हे यावरून दिसते.

अलीकडच्या काळातील गीतांबाबत वाद अधिक तीव्र झाले. लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह' (१९६९) या गीतातील काही शब्द विली डिक्सन यांनी रचलेल्या व मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायिलेल्या गीतातील होते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला व पुढे त्यांचे नाव रचनाकारांत समाविष्ट झाले. जॉर्ज हॅरिसन यांच्या 'माय स्वीट लॉर्ड' (१९७०) या गीताची चाल शिफॉन्स या गायिकावृंदाच्या १९६३ मध्ये गाजलेल्या गीताशी जुळते, असे अमेरिकन न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले. हे अनुकरण अजाणता घडले असले, तरी जबाबदारी टळत नाही, असा या निकालाचा आशय होता.

पूर्वरचनांच्या आधारावाचून रॉक संगीत घडलेच नसते. मूळ रचनाकाराचे नाव व त्याचा आर्थिक वाटा मान्य होतो किंवा नाही, हाच या वादांतील खरा प्रश्न होय. त्याची झळ ज्यांच्या हाती व्यवसायाची सूत्रे नव्हती, अशा अनेक ब्लूज कलावंतांना विशेषत्वाने बसली.