फोटो आहे, पण उघडत नाही!

घरातले फोटो कुठे असतात, असा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नसे. ते भिंतीवर असत, नाहीतर लोखंडी कपाटातल्या आल्बममध्ये. कपाटाला किल्ली लागे; फोटो पाहायला मात्र डोळ्यांखेरीज काही लागत नसे. ओल लागली, वाळवी लागली, तर फोटो जाई. पण फोटो शाबूत आहे आणि तरीही दिसत नाही, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानावरही आली नसेल. आता ती घरोघर घडते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली येतात, तशी या फोटोंचीही एकदा झाडझूड व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी शिकवतो मराठी. संगणकाशी माझा संबंध कामापुरता. पण ही अडचण यंत्राची कमी आणि लिपीची जास्त आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, ते सांगतो.

तेरवीचा फोटो

गेल्या वर्षी नांदगाव खंडेश्वरला आमचे थोरले मामा वारले. फोटो म्हटला की मामा अटेन्शनमध्ये उभे राहत. त्यांचा हसरा असा एकच फोटो होता, परदेशी असलेल्या नातवाने सुट्टीत आला असताना स्वतःच्या फोनवर काढलेला. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी तो आम्ही मागवला. मोठा करायचा आहे, म्हणून नातवाने तो डॉक्युमेंट करून पाठवला, म्हणजे काटछाट न होता आला. मी तो घेऊन गावातल्या स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर शहाणा माणूस. त्याने दोनतीनदा खटपट केली, फाइलच्या नावाचे शेपूट काढून तिथे ‘जेपीजी’ लिहून पाहिले आणि मान हलवली. “सर, उघडूनच नाही राह्यली ना जी ही फाइल!”

नातवाला कळवून त्याच्याकडून दुसरी प्रत येईपर्यंत तेरवी उरकली होती. पाटावर हार घातलेला फोटो होता तो ओळखपत्रावरून मोठा केलेला, कपाळाला आठ्या घातलेला. मामींनी त्याच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “असे कुठी होते थे?”

शेपूट बदलून जात बदलत नाही

आता तुम्ही म्हणाल, फाइल आली, नाव दिसले, मग चित्र का नाही? याचे कारण असे, की संगणकात चित्र साठत नाही; साठतात आकडे. ते आकडे कोणत्या क्रमाने, कोणत्या युक्तीने आवळून ठेवले, त्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरला ती पद्धत ठाऊक, तेच ते आकडे सोडवून चित्र दाखवू शकते. भाकरीच्या डब्यावर ‘श्रीखंड’ अशी चिठ्ठी लावली म्हणून आत श्रीखंड होत नाही. तसे नावाचे शेपूट बदलून फाइलची जात बदलत नाही. तिची खरी ओळख तिच्या पोटातल्या पहिल्या काही अक्षरांत असते.

आपल्या परिचयाचा ‘जेपेग’ हा १९९२ मध्ये प्रमाण ठरला. तीस वर्षांहून अधिक काळ तो जगभर चालला, इतका की फोटो म्हणजे जेपेग असेच आपण धरून चाललो. पुढे फोनमध्ये हजारो फोटो साठू लागले आणि जागा पुरेना. २०१५ मध्ये ‘हाइफ’ नावाची नवी पद्धत तयार झाली. २०१७ मध्ये अॅपलने आपल्या फोनवर ती सुरू केली. ‘हाइक’ या शेपटाच्या फाइली त्याच. तसाच दिसणारा फोटो यात साधारण निम्म्या जागेत मावतो. पण तिच्या आतली आवळण्याची युक्ती पेटंटांनी बांधलेली आहे. त्यामुळे ती फुकट वाटायला पुष्कळजण कचरले आणि बऱ्याच संगणकांवर तिच्यासाठी वेगळी भर घालावी लागे. पेटंटाचे पैसे द्यावे लागू नयेत म्हणून २०१९ मध्ये ‘एव्हिफ’ आला. त्याआधी २०१० मध्ये गूगलने ‘वेबपी’ आणला होता. मोठ्या कॅमेऱ्यांच्या कच्च्या फाइलींची तऱ्हा तर आणखी निराळी; निकॉनची एक, कॅननची दुसरी, सोनीची तिसरी.

आपला जुना अनुभव

या गोष्टीचे मराठी माणसाला नवल वाटायला नको. नांदगावच्याच खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात शके ११७७चा, यादवांच्या काळातला शिलालेख आहे. साडेसातशे वर्षे उलटली, तरी लिपी देवनागरी असल्यामुळे जाणकाराला तो वाचता येतो. उलट शंभर वर्षांपूर्वीचा आजोबांचा मोडीतला कागद घरात असतो आणि घरातल्या एकालाही वाचता येत नाही. कागद तरुण, लेख म्हातारा. पण लेख बोलतो आणि कागद मुका. कारण मोडी वाचणारे आपण उरू दिले नाहीत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. युनिकोडच्या आधीच्या निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेले मराठी मजकूर आज उघडले, की अक्षरांची खिचडी दिसते, हेही आपण पाहतोच. टिकणे ही एक गोष्ट आणि वाचता येणे ही दुसरी. फोटोंचे नेमके तेच आहे.

शिकत राहणारे कारभारी

हजारो फोटो लावून ठेवणारी, तारखेने, माणसांच्या नावाने शोधून देणारी सॉफ्टवेअरे असतात. त्यांना आपण फोटोंचे कारभारी म्हणू. चांगला कारभारी कोणता? जो नवी लिपी शिकतो आणि जुनी विसरत नाही तो.

‘डिजीकॅम’ हे एक उदाहरण घेऊ. रेंची राजू यांनी ते २००१ मध्ये सुरू केले. ते मोफत आहे आणि स्वयंसेवक ते चालवतात. २०२०च्या सातव्या आवृत्तीत त्याला हाइफ वाचता येऊ लागले, २०२३च्या आठव्या आवृत्तीत एव्हिफ, वेबपी अशा नव्या पद्धतींसाठी आणखी सोय झाली. कॅमेऱ्यांच्या कच्च्या फाइलींसाठी डेव्ह कॉफिन या गृहस्थाने १९९७ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला आणि पुढे वर्षानुवर्षे नवनव्या कॅमेऱ्यांच्या लिप्या तो त्याला शिकवत राहिला. त्यावर आधारलेले काम आज अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात आहे. अशा लोकांचे नाव आपल्या आल्बमवर नसते. पण आल्बम उघडतो तो त्यांच्यामुळे.

याच्या उलट ‘पिकासा’. आपल्यापैकी कित्येकांचे फोटो त्यात होते. २००४ मध्ये गूगलने ते घेतले आणि २०१६ मध्ये त्याचे काम थांबवले. जुन्या संगणकावर ते चालले, पण त्याचे शिक्षण तिथेच संपले. शिवाय चेहऱ्यांना दिलेली नावे ते एरवी आपल्या निराळ्या फाइलींत लिहून ठेवी. कारभारी गेला आणि वही त्याच्याबरोबर गेली.

म्हणून फॉरमॅट ‘चालतो’ एवढ्या शब्दावर भुलू नये. चालणे अनेक प्रकारचे असते. चित्र दिसते पण तारीख वाचता येत नाही, मग मुंजीचे, बारशाचे, सहलीचे सगळे फोटो एकाच दिवसाखाली जमा होतात. तारीख वाचता येते पण आपण लिहिलेली नावे फाइलमध्ये उतरत नाहीत. किंवा सगळे जमते, पण दुसऱ्या रूपात बाहेर काढून देता येत नाही. पाहणे, तारीख वाचणे, टिपण लिहिणे आणि बाहेर काढून देणे, या चारही गोष्टी जमल्या तरच तो कारभारी भरवशाचा.

एवढे कराच

घरच्या माणसांनी करायचे ते फारसे अवघड नाही. मूळ फाइल कधीही पुसू नका. जेपेग करताना थोडी माहिती गळतेच. पण महत्त्वाच्या पन्नासेक फोटोंची जेपेग प्रत जोडीला ठेवा आणि त्यांतले निवडक कागदावर छापून घ्या. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि त्याची तारीखही गळून पडते, हे ध्यानात असू द्या. माणसांची नावे फाइलच्या आत लिहिली जातील अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर ती चालू करा. आणि दर दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला वह्या काढतो तसे, जुन्या डिस्क आणि जुन्या फोनमधले चारदोन फोटो उघडून पाहा. आज उघडत नसतील तर आजच विचारपूस करता येते. ती लिपी जाणणारा कोणी ना कोणी अजून आहे.

आणि हे काम घरातल्या मुलांवर सोपवताना शेजारी आजीला बसवा. फाइल उघडून देईल नातू. पण फोटोत मागच्या रांगेत उभा आहे तो कोण, हे सांगणारी आजीच. दोघांनी मिळून वाचला, तरच तो फोटो पुरता उघडला असे म्हणायचे.