हें वचन कोठें आहे?

गेल्या वर्षीं शिक्षकदिनीं, म्हणजे ५ सप्टेंबर रोजीं, सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्हीं विद्यार्थ्यांस एक पत्र वाचून दाखविलें. अब्राहम लिंकन यांनीं आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांस लिहिलेलें म्हणून तें प्रसिद्ध आहे. आदल्या रात्रीं एका स्नेह्याकडून तें व्हॉट्सॲपवर आलें होतें. पत्र सुंदर आहे. महाराष्ट्रांतील किती तरी शाळांच्या भिंतींवर तें चौकटींत लावलेलें आढळतें, व आमच्या कार्यालयांतही तें आहे. वर्गाकडे जातांना नववीच्या एका विद्यार्थिनीनें आम्हांस गांठून विचारलें, "सर, हें पत्र लिंकननीं केव्हां लिहिलें? मला निबंधांत घ्यावयाचें आहे. खालीं आधार काय लिहूं?" उद्यां सांगतों, असें आम्ही म्हणालों.

त्या उद्यांस तीन दिवस लागले. लिंकन यांचीं पत्रें, भाषणें व टिपणें रॉय बास्लर यांनीं संपादित केलीं असून तीं १९५३ सालापासून आठ खंडांत प्रसिद्ध झालीं; आतां तीं घरबसल्या संगणकावर चाळतां येतात. त्यांत हें पत्र नाहीं. पत्राच्या ज्या ज्या प्रती आम्हांस समाजमाध्यमांवर मिळाल्या, त्यांतील एकीवरही खात्रीलायक तारीख नाहीं, मुख्याध्यापकांचें नांव नाहीं, मूळ कागद कोठें ठेविला आहे याचा उल्लेख नाहीं. दरवर्षीं ज्या मुलांस आम्ही 'आधार लिहा' म्हणून बजावतों, त्यांच्यापुढें आम्हीच निराधार ठरलों.

आधार म्हणजे वाचकाला मूळ ठिकाणीं परत नेणारी वाट. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं छापला व पुढें ती माला २२ खंडांपर्यंत नेली. जुन्या पत्राचा एखादा चिटोरा हातीं आला म्हणजे तें कोणीं लिहिलें, कोणास, केव्हां, आणि तें सांपडलें कोणाच्या दप्तरांत, हे प्रश्न अभ्यासकाला प्रथम सोडवावे लागतात. फेसबुकवरील चार ओळींनाही हेच प्रश्न विचारावयाचे असतात. दप्तरांतला कागद वाळवीनें खाल्ला तर नाहींसा होतो. समाजमाध्यमांतील मजकूर लिहिणाराच्या मनांत आलें कीं क्षणांत नाहींसा होतो, किंवा बदलतोही.

वाट कशी बुजते याचें एक उदाहरण पुष्कळांस ठाऊक नसेल. मे २०११ मध्यें ओसामा बिन लादेन मारला गेल्याची वार्ता आली, तेव्हां एका अमेरिकन तरुणीनें फेसबुकवर लिहिलें कीं शत्रूच्याही मरणाचा आनंद आपण मानणार नाहीं. हें तिचें स्वतःचें वाक्य होतें. त्याच्या पुढें तिनें अवतरणचिन्हांत डॉ. मार्टिन लूथर किंग यांचा एक उतारा दिला. तो 'स्ट्रेंग्थ टू लव्ह' या त्यांच्या १९६३ सालच्या पुस्तकांतील, म्हणजे अगदीं अस्सल होता. लोकांनीं तें पुढें पाठविलें. पाठवितां पाठवितां अवतरणचिन्हें गळलीं आणि तिचें वाक्य व किंग यांचा उतारा एकजीव झाले. ट्विटरवर त्या काळीं १४० अक्षरांहून अधिक मजकूर मावत नसे. तेव्हां तेथें अस्सल उतारा गळाला व पहिलें वाक्य तेवढें उरलें. किंग यांचें म्हणून असंख्य लोक जें वाक्य उद्धृत करूं लागले, त्यांतील एकही शब्द किंग यांचा नव्हता! यांत त्या तरुणीची लबाडी मुळींच नव्हती. निबंध तपासतांना अवतरणचिन्हांवर आम्ही एवढी तांबडी शाई कां खर्चितों, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटतें. त्यांनीं हा प्रसंग एकदां ध्यानांत घ्यावा.

आतां आधार लिहावयाचा कसा? मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या अमेरिकन संस्थेनें ट्विटरवरील मजकुरापुरता नियम २०१२ सालीं सांगितला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची जी नियमावलि महाविद्यालयांत गेल्यावर तुमच्या हातीं येईल, तिच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तींतही असे नियम आहेत. दोहोंत बारीकसारीक भेद आहेत. त्यांत आज शिरण्याचें कारण नाहीं. लिहिणाराचें नांव, त्या माध्यमावरील त्याचें टोपणनांव, तारीख, मजकूर (तो लांब असल्यास आरंभींचे वीस शब्द), माध्यमाचें नांव व पत्ता, एवढें असलें म्हणजे भागतें. मजकूर मात्र जसाच्या तसा घ्यावा. त्यांतील शुद्धलेखन आपण सुधारूं नये.

तारखेबरोबर वेळही लिहावी असें आम्ही सांगतों, तेव्हां मुलें हंसतात. ट्विटरवरील पहिला मजकूर संस्थापकांपैकीं जॅक डॉर्सी यांनीं २१ मार्च २००६ रोजीं लिहिला. कॅलिफोर्नियांत तेव्हां दुपारचे १२ वाजून ५० मिनिटें झालीं होतीं. त्याच घटकेस आपल्याकडे मध्यरात्र उलटून २ वाजून २० मिनिटें झालीं होतीं व २२ मार्च उजाडावयाचा होता. म्हणजे एकाच मजकुराला दोन तारखा, आणि दोन्ही खऱ्या! पुढें जुलै २०२३ मध्यें त्या माध्यमाचें नांवच बदलून 'एक्स' झालें. यासाठीं मजकूर आपण कोणत्या दिवशीं पाहिला तेंही लिहावें. सर्व नियमावल्या हा आग्रह धरीत नाहींत, आम्ही धरतों.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१० सालीं ट्विटरवरील सगळा जाहीर मजकूर जतन करण्याचा संकल्प केला होता. १ जानेवारी २०१८ पासून तिनें निवडक मजकूरच ठेवण्याचें ठरविलें. एवढें थोर ग्रंथालय जेथें हात आंखडतें घेतें, तेथें विद्यार्थ्यानें आपली प्रत आपणच ठेवावी. स्क्रीनशॉट काढून त्यावर दिवस घालावा. स्क्रीनशॉट बनावट करतां येतो हें खरें. म्हणून तो पत्त्याच्या जोडीस असावा, पत्त्याच्या ऐवजीं नसावा.

व्हॉट्सॲपची गोष्ट निराळी. तेथील मजकुरापर्यंत परका वाचक जाऊंच शकत नाहीं. म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या नियमावलींत असला मजकूर खासगी पत्रव्यवहारांत गणिला जातो. त्याचा उल्लेख लेखाच्या ओघांत करावयाचा, शेवटच्या यादींत नव्हे. पुढें पाठविलेल्या संदेशावर २०१८ पासून तशी खूण येते, आणि बाणांची जोडी दिसली तर तो पुष्कळ हातांतून आला आहे असें समजावें. पण मूळ लिहिणारा कोण, हें ती खूण सांगत नाहीं. वर्गाच्या किंवा घरच्या गटांत कोणीं आपलें दुःख लिहिलें असेल, तर तें त्याच्या परवानगीवांचून निबंधांत घेणें हा आम्ही अपराध मानतों.

आणखी एक घोटाळा नेहमीं होतो. आधार बिनचूक दिला म्हणजे मजकूर खरा ठरला, असें मुलांस वाटतें. अमुक काढ्यानें ताप हटकून उतरतो, असें कोणीं यूट्यूबवर सांगितलें व आपण त्याचें नांव, दिवस, पत्ता सर्व लिहिलें, तर त्यानें तसें सांगितलें एवढेंच सिद्ध होतें. ताप उतरतो कीं नाहीं, हें वैद्यकाच्या ग्रंथांतच पाहावें लागतें.

त्या विद्यार्थिनीनें शेवटीं आपल्या निबंधांत तें पत्र घेतलेंच. खालीं तिनें लिहिलें होतें: 'लिंकन यांच्या नांवें प्रचलित. लेखक अज्ञात. शाळेंत वाचलेल्या व्हॉट्सॲप संदेशावरून, ५ सप्टेंबर.' कार्यालयांतील चौकट आम्हीं उतरविली नाहीं. लिंकन यांचें नांव होतें त्या जागीं 'लेखक अज्ञात' अशी चिठ्ठी डकविली आहे. अक्षर तिचेंच आहे.