उंच टाचेची पादत्राणे व कटिशूल : निदान-परिवर्जनाचा एक दुर्लक्षित पैलू

कटिशूल हे आपल्या नित्य चिकित्साव्यवसायात वारंवार भेटणारे लक्षण होय. नाडी, जिह्वा, कोष्ठ, आहार-विहार यांची आपण आस्थेने चौकशी करतो. रुग्णाने दाराबाहेर काढून ठेवलेल्या पादत्राणांकडे मात्र आपली दृष्टी सहसा जात नाही.

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो, ते जाम हे चौरस्त्याचे गाव. नोकरीनिमित्त येथून ये-जा करणाऱ्या भगिनींचा बराच वेळ बसची वाट पाहण्यात आणि पुढे कामावर उभे राहण्यात जातो. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या अशाच एका तिशीच्या रुग्णेस मी योगराज गुग्गुळ व कटिबस्ती योजिली. उपशय मिळे, पंधरवड्यात वेदना परत येई. अखेर दाराशी तिची तीन इंच टाचेची सँडल दिसली. ती तत्काळ बंद करून सपाट चप्पल वापरण्यास सांगितले. आठवड्याने ती परतली ती तक्रार घेऊनच : "डॉक्टर, सपाट चपलेनं पोटऱ्या जास्तच ओढल्या जातात. उंच घातली की बरं वाटतं."

तिचे म्हणणे खरे होते. अपुरा होता तो माझा सल्ला.

टाच उचलली गेली की शरीरभार पावलाच्या पुढील भागावर येतो. तोल सावरण्यासाठी गुडघे व श्रोणी आपली स्थिती बदलतात आणि पाठीच्या स्नायूंना अधिक श्रम पडतात. उंच टाचेने कमरेचा बाक वाढतोच, असा सार्वत्रिक समज आहे; प्रत्यक्ष मोजमापांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. म्हणून बाक दिसत नाही, एवढ्यावरून पादत्राणास निर्दोष ठरवू नये. आणि प्रत्येक कटिशूलाचे खापर टाचेवर फोडणेही योग्य नव्हे.

'लॅन्सेट'मध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच टाचेमुळे गुडघ्यावरील ताण सुमारे 23 टक्के वाढल्याचे आढळले. 2010 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, किमान 5 सेंमी टाच दोन वर्षांहून अधिक काळ नियमित वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू सुमारे 13 टक्के आखूड आणि टाचेची कंडरा अधिक जाड व ताठर झालेली दिसली. अशी पोटरी सपाट चपलेत एकाएकी ताणली गेली, तर ती दुखणारच.

आपल्या शास्त्रास हा विषय नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात पादत्राणधारणाचे गुण सांगताना बल व सुखाने चालणे यांचा उल्लेख केला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पाऊल विषम पडल्याने प्रकुपित वायू घोट्याच्या आश्रयाने वातकण्टक उत्पन्न करतो, असे वर्णन आहे. पदन्यास हा वातप्रकोपाचा हेतू ठरू शकतो, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

वरील रुग्णेत पुढे हा क्रम ठेवला : टाच एकदम न सोडता दर दोन-तीन आठवड्यांनी सुमारे एक सेंटिमीटर कमी करणे, निमुळत्या टाचेऐवजी रुंद टाच, रात्री तिळतेलाने पोटरी व तळपायास अभ्यंग, आणि भिंतीला हात टेकून, मागील पायाची टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायाम, प्रत्येक पायास अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. औषध तेच राहिले. उपशय मात्र टिकला. एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडण्याचा हेतू नाही; पण हा प्रश्न विचारण्यास खर्च काहीच येत नाही.

औषधी दुकानदार बंधूंसही विनंती आहे. कंबरदुखीसाठी महानारायण तेल मागणाऱ्या ग्राहक भगिनीस "रोज पायांत काय घालता?" एवढे अवश्य विचारावे. मात्र पाय लुळा पडणे, जांघेत बधिरता, मूत्रावरोध, ज्वर वा अपघाताचा इतिहास असल्यास तेलाची बाटली हाती न देता रुग्णास तातडीने सेवाग्रामसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

हेतू कायम राहिला, तर उत्तम औषधही थकते. निदान-परिवर्जनाची सुरुवात कधी कधी दवाखान्याच्या उंबरठ्यापासूनच करावी लागते.